बोन्साय गावाचे चार नियम

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं संपादक मंडळानं मला सांगितलं, तेव्हा बरेचसे विषय आधीच वाटून झाले होते. जमिनीचा व्यवहार, बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार, कन्व्हेयन्स, पहिल्या दोन वर्षांतले पाण्याचे टँकर या सगळ्यावर आपले माजी सचिव लिहिणार आहेत. ते त्यांनीच लिहावं, कारण सगळ्या फायली त्यांच्याकडे आहेत. मला म्हणाले, "काका, तुम्ही गच्चीवरच्या झाडांबद्दल लिहा." बी विंगच्या गच्चीवर, टाकीच्या पूर्वेला, माझ्या सतरा कुंड्या आहेत. हे बहुतेकांना ठाऊक होतं. ज्यांना नव्हतं, त्यांना मागच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत गळतीच्या विषयावर चर्चा झाली तेव्हा कळलं.

मी चौतीस वर्षं बँकेत काढली. कुठलंही प्रकरण समोर आलं की आधी त्याचं जुनं लेजर काढून बघायचं, ही तेव्हाची सवय अजून गेलेली नाही. बोन्सायचं लेजर काढलं तर ते तेराशे वर्षं मागं जातं. त्यात राजपुत्र आहेत, शोगुन आहेत, भूकंप आहे, अणुबाँब आहे. आणि एक सहकारी वसाहतही आहे. आपल्यासारख्या सोसायटीत राहणाऱ्यांनी त्या वसाहतीबद्दल जरूर वाचावं असं मला वाटतं, म्हणून हा लेख.

तबकातलं झाड

‘बोन्साय’ हा जपानी शब्द. ‘बोन’ म्हणजे उथळ पात्र, तबक. आणि ‘साय’ म्हणजे लावणं. तबकात लावलेलं झाड, एवढाच त्याचा अर्थ. ‘खुजं’, ‘खुरटलेलं’ असं त्या शब्दात काहीही नाही. आपल्याकडे कोणीतरी ‘वामनवृक्ष’ असा प्रतिशब्द केला, तो मला आवडतो. वामनही दिसायला लहानसा बटूच होता, पण बळीराजाला त्याची उंची कळायला तीन पावलं पुरली.

कला मूळची चीनची. चीनच्या शान्शी प्रांतात तांग घराण्यातल्या चांगह्वाय नावाच्या राजपुत्राची कबर आहे. इसवी सन ७०६ मध्ये त्याला तिथं पुरलं. कबरीच्या भिंतींवर चित्रं आहेत, आणि त्यातल्या एका चित्रात एक सेवक दोन्ही हातांत तबक धरून निघालेला दिसतो. तबकात लहान दगड आणि लहान रोपं. आपल्याकडे ओटीचं तबक जसं सांभाळून नेतात, तसं. चिनी लोक या प्रकाराला ‘पेनजिंग’ म्हणतात. तबकातला देखावा, असा त्याचा अर्थ. डोंगर, झाड, पाणी असा सगळा निसर्ग त्यांना तबकात हवा असे.

चीनकडून ही गोष्ट जपानात गेली. जपानी मंडळी चीनला शिकायला जात, बौद्ध भिक्षूंची ये-जा असे, त्याबरोबर हेही गेलं असं मानतात. १३०९ सालची ‘कासुगा गोंगेन गेन्की’ नावाची एक जपानी चित्रगुंडाळी आहे, तिच्यात एका घरात तबकांमध्ये लावलेली छोटी झाडं रंगवलेली आहेत. म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर रामदेवराव यादव राज्य करत होते, त्या सुमारास जपानात हा छंद चांगला रुजला होता. जपान्यांनी त्यात एक बदल केला. देखावा कमी केला, दगड कमी केले, आणि सगळं लक्ष एका झाडावर आणलं.

जपानच्या ‘नो’ नावाच्या जुन्या नाट्यप्रकारात याच झाडांवर एक नाटक आहे. ‘हाची नो की’, म्हणजे ‘कुंडीतली झाडं’. कथा अशी. सानो नावाच्या गावी एक सामुराई राहत असतो. भाऊबंदांनी त्याच्या जमिनी बळकावलेल्या आहेत. (भाऊबंदकी तिकडेही आहे, हे वाचून मला बरं वाटलं.) वैभवाच्या दिवसांतली त्याच्याकडे फक्त तीन झाडं उरली आहेत. कुंडीतलं एक प्लमचं, एक चेरीचं आणि एक पाइनचं. बर्फ पडत असतं आणि एक फिरता भिक्षू रात्रीच्या आसऱ्याला येतो. घरात सरपण नाही. सामुराई ती तिन्ही झाडं तोडतो आणि शेकोटी पेटवून पाहुण्याला ऊब देतो. बोलता बोलता तो सांगतो की, उद्या कामाकुराहून बोलावणं आलं तर गंजलेलं चिलखत घालून, मरतुकड्या घोड्यावर बसून का होईना, मी सगळ्यांच्या आधी हजर होईन. पुढे खरंच बोलावणं येतं आणि तो जातो. तेव्हा कळतं की त्या रात्रीचा भिक्षू म्हणजे माजी कारभारी होजो तोकियोरी. त्याला त्याची जमीन परत मिळते, आणि शिवाय तीन जहागिऱ्या मिळतात. त्या तिन्ही गावांच्या नावांत प्लम, चेरी आणि पाइन आहेत.

कथा खरी की रचलेली, यात मी जात नाही. पण ज्या समाजानं ही कथा शेकडो वर्षं रंगमंचावर जपली, त्याला कुंडीतल्या झाडाची किंमत काय वाटत होती हे त्यातून समजतं. घरातली शेवटची चीजवस्तू कुठली, तर दागिना नाही, तलवार नाही, तीन झाडं.

टोक्योच्या राजवाड्यातल्या संग्रहात आजही एक पाइन आहे, ‘तिसऱ्या शोगुनचं पाइन’ म्हणून प्रसिद्ध. तोकुगावा घराण्यातला तिसरा शोगुन इएमित्सु, ज्यानं १६२३ ते १६५१ सत्ता सांभाळली, त्याचं हे आवडतं झाड. वय पाचशे वर्षांच्या आसपास मानलं जातं. शोगुन गेला, त्याचं घराणं गेलं, शोगुनशाहीच संपली. झाडाला रोज पाणी घालणारा माणूस मात्र प्रत्येक पिढीत कोणीतरी होता.

लहान राहतं ते कसं?

गच्चीवर येणारी लहान मुलं मला नेहमी विचारतात, "आजोबा, याचं बी वेगळं असतं का?" नाही. बी तेच. वडाचं बोन्साय आणि सातारा रस्त्यावरचा वड, दोघांची जात एकच. बोन्साय काढून मोकळ्या जमिनीत लावलं तर ते पुन्हा हवं तेवढं वाढू लागतं.

झाडाच्या वर जेवढा पसारा असतो, त्याला पोसण्यापुरत्या मुळ्या खाली लागतात. उथळ पात्रात मुळ्यांना जागा मर्यादित, म्हणून वरची वाढही मर्यादित. तरुण झाड दोन-तीन वर्षांनी पात्रातून काढायचं, दाट झालेल्या मुळ्यांचा काही भाग कापायचा, माती बदलायची आणि पुन्हा त्याच किंवा थोड्या वेगळ्या पात्रात बसवायचं. आपल्या हवेत वड, उंबर, पिंपळ यांच्यासाठी पावसाळ्याच्या तोंडावरचा काळ चांगला. माती पाणी धरून ठेवणारी नको. पोयटा, विटांचा चाळलेला चुरा आणि जुनं शेणखत असं मिश्रण मी वापरतो. फांद्यांना वळण द्यायला ॲल्युमिनियमची किंवा तांब्याची तार गुंडाळतात. फांदी वळली की तार काढायची. ती जास्त दिवस राहिली तर सालीत रुतते आणि व्रण कायमचा राहतो. नवे शेंडे खुडत राहायचे, म्हणजे फांद्या जवळजवळ फुटतात आणि पानंही हळूहळू बारीक येतात.

झाडाला कुठला आकार द्यायचा, त्याची जपान्यांनी नावं ठरवून ठेवली आहेत. सरळ उभं ते ‘चोक्कान’, कड्यावरून खाली झुकल्यासारखं ते ‘केंगाय’, एका बाजूच्या वाऱ्यानं झोडपल्यासारखं ते ‘फुकिनागाशी’. हे सगळे आकार त्यांनी डोंगरात पाहिलेल्या झाडांवरून घेतले. कोकणात समुद्राकाठी वाऱ्यानं एका अंगाला वाकलेलं झाड आपण सगळ्यांनी पाहिलंय. तेच फुकिनागाशी.

सगळ्यात अवघड काम यातलं एकही नाही. सगळ्यात अवघड काम म्हणजे पाणी घालणं. जपानी माळ्यांमध्ये म्हण आहे की, पाणी घालायला शिकायचं तर तीन वर्षं लागतात. पात्र उथळ, माती मूठभर. आपल्या एप्रिल-मे मध्ये दिवसातून दोनदा पाणी लागतं आणि एखाद-दुसरा दिवस चुकला तर वीस वर्षांचं झाड जातं. पावसाळ्यात उलटी काळजी, पाणी साचून मुळ्या कुजायला नकोत. यात साठवून ठेवता येईल असं काहीच नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ही फिक्स्ड डिपॉझिट नाही, रिकरिंग आहे. आणि हप्ता महिन्याचा नाही, रोजचा.

भूकंप आणि नवं गाव

आता त्या वसाहतीकडे येतो.

शंभरेक वर्षांपूर्वी टोक्योच्या जुन्या भागात, दांगोझाका आणि सेंदागी या वस्त्यांच्या आसपास, बोन्साय करणाऱ्या माळ्यांची घरं होती. पिढीजात धंदा. १ सप्टेंबर १९२३ रोजी, दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना, तिथं प्रचंड भूकंप झाला. घराघरांत दुपारचा स्वयंपाक चालू होता, चुली पेटलेल्या होत्या. लाकडी घरं कोसळली आणि आगी लागल्या. भूकंपात आणि आगीत मिळून लाखाच्या वर माणसं गेली.

जी माळी कुटुंबं वाचली, त्यांच्यापुढे प्रश्न होता की आता कुठं जायचं? शहर नव्यानं बांधलं जात होतं, तिथं गर्दी वाढणार, धूर वाढणार. झाडांना मोकळी हवा, ऊन, चांगलं पाणी आणि चांगली माती हवी. त्यांनी टोक्योच्या उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर ओमिया इथं जागा बघितली. तेव्हा तिथं झाडझाडोराच जास्त होता. रितारो शिमिझु हे माळी १९२५ मध्ये तिथं राहायला गेले, आणि त्यांच्यामागून बाकीचे. म्हणून १९२५ हे बोन्साय गावाच्या स्थापनेचं साल मानतात. आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं होतायत, त्या गावानं २०२५ मध्ये शंभर पूर्ण केली.

घरं हळूहळू वाढली तसं त्यांनी १९२८ मध्ये एक ‘कुमिआई’ स्थापन केली. कुमिआई म्हणजे आपल्या भाषेत संघ किंवा सहकारी मंडळ. आणि मंडळ म्हटलं की उपविधी आलेच. आपल्या आदर्श उपविधींची जाडजूड पुस्तिका सगळ्यांकडे आहे (ती उघडली किती जणांनी, हे विचारत नाही). त्यांचे नियम चारच होते.

पहिला नियम, इथं राहणाऱ्याकडे किमान दहा बोन्साय असली पाहिजेत.

दुसरा, आपलं फाटक सर्वांसाठी उघडं ठेवायचं. कोणीही यावं आणि झाडं बघावीत.

तिसरा, दुमजली घर बांधायचं नाही.

चौथा, कुंपण भिंतीचं नको, झाडांचं असावं.

मी हे नियम पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्यातला सोसायटीचा माजी खजिनदार जागा झाला. आपल्या शेअर सर्टिफिकेटवर पन्नास रुपयांचे पाच शेअर्स आहेत. ते असले की आपण सभासद. तिथं सभासदत्वाचं भांडवल दहा जिवंत झाडं. शेअर सर्टिफिकेट कपाटात ठेवलं की पंचवीस वर्षं तसंच राहतं. दहा झाडं ठेवायची म्हणजे रोज उठून ती सांभाळणं आलं. सभासद आहोत हे रोज सकाळी नव्यानं सिद्ध करायचं.

तिसऱ्या नियमामागे दोन कारणं सांगतात. शेजाऱ्याच्या झाडांवर सावली पडू नये, आणि वरच्या मजल्यावरून कोणी कोणाच्या बागेकडे खाली बघू नये. आपल्याकडे पार्किंगच्या सावलीवरून दोन विंगांमध्ये तीन वर्षं पत्रापत्री झाली होती, त्या काळातल्या सभासदांना हे कारण लगेच पटेल.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो दुसरा नियम. हे सगळे एकाच धंद्यातले लोक होते, म्हणजे एकमेकांचे स्पर्धक. एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाऊ शकत होतं. तरी त्यांनी ठरवलं की फाटक बंद करायचं नाही. शेजाऱ्यानं येऊन तुमची कला बघितली तरी चालेल. त्यामुळे झालं काय, की झाडं बघायला सगळ्या जपानमधून लोक त्या गावाला येऊ लागले. एकेकट्या बागेला कोणी तीस किलोमीटर आलं नसतं. १९३५ च्या सुमारास तिथं तीसेक बागा होत्या. टोक्योतल्या उएनो भागात १९३४ मध्ये ‘कोकुफु’ नावाचं मोठं बोन्साय प्रदर्शन सुरू झालं. ते अजूनही भरतं.

युद्ध

पुढे महायुद्ध आलं. देशात खायची भ्रांत, तेव्हा बोन्साय म्हणजे चैन. तरुण माळी सैन्यात गेले. बागांच्या जागी भाजीपाला लावायची वेळ आली. कितीतरी झाडं पाण्यावाचून गेली. ज्या थोड्या माळ्यांनी तशातही झाडं जगवली, त्यात क्यूझो मुराता हे नाव आदरानं घेतलं जातं. राजवाड्यातल्या बोन्सायची देखभालही त्यांच्याकडे होती.

त्याच काळातली एक गोष्ट हिरोशिमाची आहे. तिथं यामाकी नावाचं बोन्साय माळ्यांचं घराणं होतं. त्यांच्याकडचं एक पांढरं पाइन १६२५ सालापासून घडवलं जात होतं. म्हणजे शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला त्याच्या पाच वर्षं आधी कोणीतरी त्या झाडाला पहिलं वळण दिलं. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता बाँब पडला, तो त्यांच्या घरापासून सुमारे तीन किलोमीटरवर. घराच्या काचा फुटून लोकांच्या अंगात घुसल्या, पण कुटुंब वाचलं. बागेभोवती उंच भिंत होती, तिच्या आडोशाला असलेली झाडंही वाचली.

१९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली. जपाननं भेट म्हणून त्रेपन्न बोन्साय पाठवली. त्यात मासारु यामाकी यांनी दिलेलं हे पाइन होतं. ज्या देशानं आपल्या गावावर बाँब टाकला, त्याच देशाला त्यांनी साडेतीनशे वर्षांचं झाड दिलं. बाँबबद्दल मात्र अवाक्षर नाही. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममधले लोक ते झाड पंचवीस वर्षं जपत होते, पण त्याची ही कहाणी तिथं फारशी कोणाला माहीत नव्हती. मार्च २००१ मध्ये यामाकींचे दोन नातू आजोबांचं झाड बघायला अचानक तिथं गेले, तेव्हा त्यांनी हे सांगितलं. झाड अजून तिथंच आहे आणि त्याचं वय चारशे वर्षं आहे.

मला या गोष्टीत क्षमेपेक्षाही दुसरं काहीतरी जास्त जाणवतं. पाच-सहा पिढ्यांनी सांभाळलेली गोष्ट परक्या हातात देताना त्या माणसानं एवढंच बघितलं असणार की, समोरचा रोज पाणी घालील की नाही.

आज

ओमियाचं गाव आज सैतामा शहराचा भाग आहे. तिथल्या रस्त्यांना मेपल, चेरी अशा झाडांची नावं आहेत. १९८९ मध्ये पहिलं जागतिक बोन्साय संमेलन तिथं झालं. त्यात पुढाकार घेणारे साबुरो काटो हे लहानपणी, भूकंपानंतर, आईवडिलांबरोबर त्या नव्या गावात राहायला आलेले होते. २०१० मध्ये तिथं खास बोन्सायचं संग्रहालय सुरू झालं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मोठी जत्रा भरते.

पण तीस बागांपैकी आता उरल्यात जेमतेम सहा. जागेचे भाव वाढले, वारसा कर आला, मुलं दुसऱ्या नोकऱ्यांत गेली. बाग विकली की तिथं नेहमीसारखी दुमजली घरं उभी राहतात. भूकंपानं आणि महायुद्धानं जे केलं नाही, ते घरात पाणी घालायला कोणी नसल्यानं झालं.

त्याच सैतामा प्रांतात जानेवारी २०१९ मध्ये एका पिढीजात बोन्साय कुटुंबाची सात झाडं चोरीला गेली. त्यातलं एक जुनिपर चारशे वर्षांचं होतं आणि त्याची किंमत लाखो रुपयांत होती. त्या घरातल्या बाईंनी चोरांसाठी जाहीर निवेदन केलं. त्यात शिव्याशाप नव्हते. झाडांना पाणी घाला, ती पाण्याशिवाय फार दिवस राहणार नाहीत, एवढी विनंती होती. ही बातमी मी कात्रण काढून ठेवली आहे. मालमत्ता गेल्याचं दुःख त्यांना होतंच, पण त्याआधी काळजी होती झाडाच्या आजच्या पाण्याची.

आपल्या मराठीत मात्र ‘बोन्साय’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरतात. नेतृत्वाचं बोन्साय झालं, मुलांचं बोन्साय करू नका, असं आपण वर्तमानपत्रात वाचतो. शिवाय, बोन्साय घरात ठेवलं तर घराची वाढ खुंटते, असं मला आपल्याच सोसायटीतल्या तिघांनी आतापर्यंत ऐकवलंय. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. फक्त हिरोशिमाच्या घराचं उदाहरण समोर ठेवतो. झाडाचा छळ होतो का, हाही प्रश्न रास्त आहे. त्यावर माझं उत्तर असं की, छळ झालेलं झाड चारशे वर्षं जगत नाही. निगा थांबली की बोन्साय महिनाभरातसुद्धा मरतं. ते जिवंत आहे याचाच अर्थ कोणीतरी त्याच्याकडे रोज बघतंय.

आता आपल्या गच्चीविषयी थोडं. सतरा कुंड्यांपैकी सगळ्यात जुनी कुंडी उंबराची आहे, आणि ती माझी नाही, माझ्या पत्नीची आहे. सोसायटी नवी असताना सी विंगच्या ड्रेनेज पाइपच्या फटीत उंबराचं रोप उगवलं होतं. इमारतीला धोका म्हणून ते काढणं भागच होतं. वॉचमन ते उपटून फेकणार होता. तिनं ते मुळासकट सोडवून घेतलं आणि बिडाच्या जुन्या तव्याएवढ्या पसरट कुंडीत लावलं. मी तेव्हा नोकरीत होतो, माझा या सगळ्याशी संबंध कुंडी उचलण्यापुरता. सोळा वर्षं तिनं ते घडवलं. आता बुंधा माझ्या मनगटापेक्षा जाड आहे आणि उंची दोन फूट. दोन वर्षांपूर्वी बुंध्याला पहिल्यांदा उंबरं लागली. ती बघायला ती नव्हती. दत्तजयंतीला आपल्या सोसायटीत ज्या उंबराची पूजा होते, ते हेच झाड. पण हे रोप याच इमारतीच्या भिंतीतून आलेलं आहे, हे नव्या सभासदांना माहीत नसावं, म्हणून इथं नोंद करून ठेवतो.

मी यंदा शहात्तर पूर्ण केली. मुलगा कॅनडात आहे, तिथल्या थंडीत उंबर जगणार नाही. मुलगी नाशिकला असते, पण तिच्या बाल्कनीत ऊन येत नाही. फ्लॅटला नॉमिनी आहे, बँकेच्या खात्यांना नॉमिनी आहे, लॉकरलाही आहे. झाडांना नाही.

बँकेत काउंटरवर मी ग्राहकांना हजारदा एक गोष्ट समजावली आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनी हा विश्वस्त असतो, पुढच्या हक्कदारासाठी सांभाळणारा. बोन्सायच्या बाबतीत मला वाटतं, मूळचा मालकही नॉमिनीच असतो. तिसऱ्या शोगुनपासून वॉशिंग्टनच्या माळ्यापर्यंत सगळे. झाडाचं आयुष्य आपल्यापेक्षा मोठं, आपण मधल्या काळातले सांभाळणारे. आपल्या सोसायटीचंही काही वेगळं नाही. पहिल्या कमिटीतले सात जण होते, त्यातले आज तिघेच आहेत. इमारत उभी आहे, कारण दर पाच वर्षांनी कोणीतरी "ठीक आहे, मी बघतो" असं म्हणालं. गेल्या दोन निवडणुकांत असं म्हणणारं माणूस शोधायला किती फिरावं लागलं, तेही आपण पाहिलंय.

म्हणून या लेखाच्या शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. दर रविवारी सकाळी साडेसात ते नऊ मी गच्चीवर असतो. गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते, पण त्या वेळात दार उघडंच ठेवीन. ज्याला शिकायचं असेल त्यानं यावं, वयाची अट नाही. सी विंगमधली आठवीतली एक मुलगी गेल्या दिवाळीपासून येते आहे आणि तिचा पाण्याचा हात चांगला आहे. शिकायला लागलेल्या प्रत्येकाला एक कुंडी द्यायची, ती त्याच्या नावावर वहीत चढवायची आणि निदान तीन वर्षं त्यानं ती सांभाळायची, असा विचार आहे. फी नाही. विटांचा चुरा आपण बेसमेंटच्या कामातून उरलेला वापरू, त्याला सचिवांनी तोंडी परवानगी दिली आहे.

सोळा कुंड्या अशा वाटून टाकायच्या आहेत. उंबराची कुंडी कोणा एकाच्या नावावर करणार नाही. ती सोसायटीला देतो आहे, तसं पत्र मी कमिटीला दिलं आहे. तिच्या पाण्याची पाळी आळीपाळीनं सर्व विंगांनी घ्यावी, एवढीच विनंती पत्रात आहे. उन्हाळ्यात दोन वेळा, हिवाळ्यात एक वेळ, पावसाळ्यात माती बघून.

सोसायटीच्या पन्नासाव्या वर्षीही अशी स्मरणिका निघेल. तेव्हा गच्चीवरच्या उंबराबद्दल लिहायला त्या वेळच्या संपादकांना कोणीतरी सापडावं. सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबियांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.